चुकीचं इंग्रजी शिकवणारे तायडे काका

बातमी शाळेत आली. मी स्टाफरूममध्ये सातवीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसले होते. शिपाई सांगत आला, फाटकाशी कोणी भिका म्हणून उभा आहे, भेटल्याशिवाय जात नाही म्हणतो. भिका आमच्या बमरोलीच्या चाळीतला, लूमवर कारीगर. सायकल हातात धरूनच उभा होता. "ताई, मास्तर गयात," एवढंच म्हणाला. कोण मास्तर, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या चाळींत मास्तर एकच, तायडे काका. आता खरं सांगते, खोटंच लिहायचं तर लिहायचं कशाला... पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. चला, सुटले. आता ते रस्त्यात समोरून येणार नाहीत, "काय म्हणता मॅडम?" विचारणार नाहीत, आणि मला चपलेकडे बघत उभं राहावं लागणार नाही. दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली, की भिकाला पाणीसुद्धा न विचारता मी आत निघून आले. साडेचार वर्षं मी त्या माणसाला तोंड चुकवत होते. ते का, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

तसे ते मास्तर नव्हतेच. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. मूळचे बोदवडकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि इथलेच झाले. अंगाने काटकुळे, शर्ट कायम इन केलेला, खिशाला दोन पेनं. एक चालायचं, दुसरं का होतं ते देव जाणे. कामगारांची हजेरी, रजा, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं, आणि मिलमध्ये कागद म्हणजे इंग्रजी. त्यामुळे खानदेशातून आलेल्या सगळ्या चाळींचा असा पक्का समज, की तायड्यांना इंग्रजी येतं. रजेचा अर्ज असो, शाळेत पोराचं नाव बदलायचं असो, पहिली धाव त्यांच्याकडे. आम्ही पाटील, घरात अहिराणी बोलणारे. ते बौद्ध, त्यांची बोली वेगळी. पण अर्ज लिहायची वेळ आली की माझे वडीलसुद्धा टोपी नीट करून त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायचे.

त्यांचा वर्ग कसा सुरू झाला, ती गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. रोज रोज अर्ज लिहून काका कंटाळले. मग त्यांनी एक नमुना अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून चाळीच्या भिंतीला चिकटवला. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न येत्या गुरुवारी अमळनेरला आहे, तरी चार दिवसांची रजा मिळावी, असा. खाली सांगून ठेवलं, यात बघून आपापलं लिहा. आमची माणसं प्रामाणिक हो! बघून लिहा म्हटलं ना, मग काना-मात्राही इकडची तिकडे केली नाही. त्या आठवड्यात अकरा जणांनी अर्ज दिले. कुणाची आजी आजारी, कुणाच्या घरावरचे पत्रे उडालेले, पण कागदावर अकराही जणांच्या थोरल्या बहिणीचं लग्न, गुरुवारी, अमळनेरला. मॅनेजर गुजराती होता. त्याने काकांना केबिनमध्ये बोलावलं आणि गठ्ठा पुढे सरकवून विचारलं, "तायडेभाई, आ बधानी बहेन एक ज छे के शुं?" म्हणजे, या सगळ्यांची बहीण एकच की काय! काका सांगायचे, "मी म्हटलं, सेठ, एवढे भाऊ असल्यावर लग्न तर थाटात होणार, रजा द्या." आणि मॅनेजरने हसत हसत दिलीसुद्धा! पण काकांना ते लागलं. त्याच रविवारी त्यांनी भिंतीवरचा नमुना फाडला आणि सांगितलं, आता कोणी कोणाचं वाक्य उतरवायचं नाही, स्वतःचं वाक्य स्वतः लिहायचं. बुद्धविहाराच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी नऊला, ज्याला यायचं त्याने यावं.

मी दहावीत होते तेव्हा जायला लागले. मराठी शाळेतली मी. इंग्रजीच्या पेपराला मी निम्मी पानं कोरी सोडायची. हॉलमध्ये पंधरा-वीस जण, त्यात निम्मे मिशावाले गडी. काकांनी पहिल्याच दिवशी चार जणांना ओळीत उभं केलं. एक झाला 'मी', दुसरा 'उद्या', तिसरा 'गावाला' आणि मिलमध्ये कापडाच्या घड्या घालणारा लठ्ठ बाप्या झाला 'जातो'. मराठीत बाप्या सगळ्यांत शेवटी, आरामात भिंतीला टेकून. मग काका ओरडले, "बाप्या, गाडी इंग्रजीत शिरली, चल पुढं ये!" बाप्याने सगळ्यांना ढकलत दुसऱ्या नंबरवर यायचं. तो येताना 'उद्या' पडायचा, 'गावाला'च्या पायावर पाय, आणि हॉलभर हसू. पण त्यानंतर क्रियापद कुठे ठेवायचं हे मला कधी कोणाला विचारावं लागलं नाही. आमच्या लोकांना आणखी एक खोड होती. अर्ज म्हणजे एकच लांबलचक वाक्य, आणि, म्हणून, तरी, परंतु करत पार सहीपर्यंत. काका म्हणायचे, "अरे बाबाहो, वाचणाऱ्याला दम खाऊ द्या! एक गोष्ट सांगितली की टिंब द्या. दुसरी नव्या ओळीवर." आज मी मुलांना शिकवते ते यापेक्षा फार वेगळं नाही. मी दहावी पास झाले, इंग्रजीत बासष्ट मार्क पडले. वडिलांनी पेढे पहिल्यांदा काकांच्या घरी नेले, देवापुढे नंतर.

मग मी कॉलेजात गेले. हट्टाने इंग्रजी विषय घेतला. चाळीत माझी कोण ऐट! दुसऱ्या वर्षाला असताना प्राध्यापकांनी निबंध लिहायला सांगितला, 'माझे बालपण'. मी जीव ओतून लिहिला. दोन दिवसांनी ते वर्गात आले आणि म्हणाले, आज एक मजा ऐका. माझा निबंध त्यांनी मोठ्याने वाचला. 'मायसेल्फ सुरेखा' इथेच वर्गात हशा पिकला. पुढे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', पुढे 'वी डिड वेंट'... प्रत्येक वाक्याला ते थांबायचे, चष्म्यावरून बघायचे, वर्ग हसायचा. ऐंशी मुलं-मुली. मी बाकाखाली ओढणी पिळत बसले होते. आणि प्रत्येक हशाबरोबर मला कळत होतं, की यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळी तायडे काकांची. त्यांनी फळ्यावर लिहिलेली, मी घोकलेली.

तो शनिवार होता. रात्रभर मी आतल्या आत धुमसत राहिले आणि सकाळी सरळ विहाराच्या हॉलवर गेले. वर्ग भरलेला. काकांनी फळ्यावर एक अर्ज लिहिला होता, पाच-सहा ओळींचा. मी कोणाला काही न विचारता खडू उचलला आणि चुकांभोवती गोल मारत सुटले. एक, दोन, तीन... सात झाल्या. बाप्या होता, भिका होता, माझे वडील मागे चटईवर होते. मग मी काकांकडे वळले आणि म्हणाले, "काका, तुम्ही आम्हाला सगळं चुकीचं शिकवलंत. तुमच्यामुळे माझं हसं झालं." हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. काका फळ्याकडे बघत राहिले. गोल मोजत होते की काय कोण जाणे. मग "अस्सं..." एवढंच म्हणाले. हात रुमालाला पुसले आणि सगळ्यांना म्हणाले, "आज एवढंच." घरी येताना वडील पुढे पुढे चालत राहिले. दारात आल्यावर म्हणाले, "काय करी उनी तू, सुरेखा? माणूस भला शे तो." मला तेव्हा वडिलांचाच राग आला. चूक ती चूक, भल्या माणसाची असली म्हणून काय झालं!

राग उतरायला चार दिवस लागले. माफी मागायची असं मनाशी ठरवतही होते, आणि तेवढ्यात चौऱ्याण्णवचा प्लेग आला. ज्यांनी ती सुरत पाहिली त्यांना सांगायला नको. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, बंद कारखाने, स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नाही. अख्खी बमरोली दोन-तीन दिवसांत खानदेशात पळाली. आम्हीही पारोळ्याला गेलो. दिवाळीनंतर परत आलो तर सगळं हळूहळू सुरू झालेलं, लूम, मिल, शाळा. रविवारचा वर्ग मात्र भरला नाही. पुढच्या रविवारीही नाही. हॉलमधला फळा कोणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. लोक म्हणायचे, प्लेगने मोडला वर्ग. मी मान डोलवायची. पण माझं मन मला खात होतं. वर्ग मी मोडला होता. ज्या माणसाने मला इंग्रजीच्या दारापर्यंत आणलं, त्याचंच तोंड मी चारचौघांत बंद केलं.

आणि माफी? ती मागायची म्हणून दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेले. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या दुकानातून नको असलेला साबण घेऊन परत आले. कधी रस्त्यात गाठ पडलीच तर ते हसून म्हणायचे, "काय म्हणता मॅडम?" पूर्वी मी 'सुरेखा' होते, 'पोरी' होते. आता मॅडम. मला वाटायचं, टोमणा आहे. एकेका वेळी तर वाटायचं, यांनी मला खाडकन दोन शब्द सुनवावेत, म्हणजे हिशेब मिटेल. ते काही बोलले नाहीत. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन मी सुरतेच्याच दुसऱ्या भागात, पर्वत पाटियाला राहायला गेले. शाळा मात्र इकडेच पांडेसऱ्याच्या बाजूला, त्यामुळे शटल रिक्षातून उतरले की आधी इकडेतिकडे बघून घ्यायची. एक गोष्ट मात्र सुखाची होती. दिवाळीनंतर कधीपासून तरी लोक माझ्याकडे कागद घेऊन यायला लागले. आधी भिका आला, "ताई, हाई जरा पाही दे." मग बाप्या, मग त्याची मेहुणी. लग्नानंतर शाळेच्या फाटकावर येऊ लागले. मी प्रत्येकाला बसवून घ्यायची, चुका दाखवायची, पुन्हा लिहायला लावायची. मनात म्हणायची, बघा, आपलं नाव झालं. तेवढाच जिवाला आधार.

काकांच्या अंत्ययात्रेला मी गेले, पण सगळ्यांच्या मागे उभी राहिले. काकूंसमोर जायची हिंमत झाली नाही. जलदान विधीलाही शाळेचं निमित्त काढून टाळलं. शेवटी आई साडीला लेस लावता लावता म्हणाली, "आते तरी जाय, भेटी ये. मेल्या माणसाला काय घाबरतीस?" आईला सगळं ठाऊक होतं तर! मग एका दुपारी गेले. काकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून "ये वं मॅडम," म्हणाल्या, आणि तो शब्द ऐकून माझा बांध फुटला. तिथेच उंबऱ्यावर बसून मी हमसून हमसून रडले. काकू घाबरल्याच. "काहून रडतीस एवढी? पिकलं पान होतं..." मी म्हटलं, "काकू, त्यांचा वर्ग माझ्यामुळे बंद पडला. मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. माफीसुद्धा मागितली नाही."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "थांब," म्हणाल्या. "खोटं नाही बोलणार. त्या दिवशी घरी आले ते गुमसुम होते. लागलं त्यांना. पोरीनं घरी येऊन सांगायला पाहिजे होतं, असं म्हणाले. एवढं म्हणाले." मी मान खाली घातली. काकू पुढे म्हणाल्या, "पण मंग जेवायला बसले. आणि मायबाई, चार भाकरी खाल्ल्या त्या माणसानं! मी बघतच राहिले. तुला सांगते, वर्ग सुरू झाल्यापासून शनिवारी त्यांच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता. उद्या शिकवायचं म्हणून. अगं, मॅट्रिकला दोनदा इंग्रजीतच नापास झालेला माणूस तो! टाइम ऑफिसात बसतो म्हणून लोकांनी मास्तर केलं. नाही म्हणता येईना. दर रविवारी वाटायचं, आज कोणी उठतो आन् म्हणतो, हे चूक आहे. त्या दिवशी तू म्हटलंस. भाकरी खाता खाता मला म्हणाले, सुटलो बाई. आपल्यातलीच कोणी शिकून आली, आता मला मास्तर राहायची गरज नाही."

मी डोळे पुसले. मग विचारलं, "म्हणून वर्ग बंद केला?" काकू म्हणाल्या, "तर काय! दिवाळीनंतर जो येईल त्याला सांगायचे, माझ्याकडं नको, सुरेखाकडं जा, ती बरोबर सांगेल. आन् शपथ घालायचे, मी पाठवलं म्हणून सांगू नका, पोर संकोचंल. घरात मात्र तुझं नाव घेत नव्हते, मॅडमच म्हणायचे. आमच्या मॅडम." भिका, बाप्या, त्याची मेहुणी, इतक्या वर्षांतले ते सगळे कागद... सगळे त्यांनी पाठवलेले. आणि मी आपली समजत होते, आपलं नाव झालं! मला रडता रडता हसायलाच आलं. काकूही हसल्या. साडेचार वर्षांचं ओझं त्या उंबऱ्यावर उतरलं, आणि या वेळी हायसं वाटण्याची लाज वाटली नाही.

निघताना काकूंनी फळीवरून एक कागद काढून दिला. "हे तुला दाखवायचं म्हणत होते. मंग दवाखानाच मागं लागला." इंग्रजी अर्ज होता, काकांच्या अक्षरात, आमच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावाने. कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू करायचा आहे, रविवारी सकाळी एक खोली मिळावी, शिकवायला आपल्याच शाळेच्या मॅडम आहेत, त्यांना आम्ही अजून विचारलेलं नाही, पण त्या नाही म्हणणार नाहीत. छोटी छोटी वाक्यं. खाली विद्यार्थ्यांची यादी, एकोणीस नावं. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं. मी पर्समधून पेन काढलं आणि तिथेच बसून अर्ज तपासला. काकू माझ्या हाताकडे बघत होत्या. "किती निघाल्या?" त्यांनी विचारलं. "तीन," मी म्हटलं. काकूंनी असं काही समाधानाने मान हलवली, जसा काही निकाल लागला.

तिन्ही चुका दुरुस्त करून मी अर्ज पुन्हा लिहून काढला आणि मुख्याध्यापकांना दिला. यादीतलं पहिलं नाव काढायला मला जमलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. खोली मिळाली, पाण्याच्या टाकीशेजारची. गेल्या रविवारी पहिला वर्ग झाला. बाप्या आला, आता त्याचे केस पांढरे झालेत. भिका आला. हजेरीची वही उघडली आणि सवयीने मी पहिलं नाव वाचून बसले, तायडे... मग माझीच जीभ अडली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "हजर." काकू होत्या. हातात कोरी वही, डोक्यावर पदर, धाप लागलेली. सरळ पहिल्या बाकावर येऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत मला एक अक्षर शिकवलं नाही त्यांनी. म्हणायचे, तुला नको, मी चुकीचं शिकवीन."

मी त्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि काकूंच्या वहीचं पहिलं पान उघडून दिलं.